परसातलं तळं: आधी मे महिन्याचं पाणी मोजा

ताई, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. लातूरजवळ नवं घर, मागं २० बाय ३० फुटांचं मोकळं परस, जमीन काळी, पाणी बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. तिथं १० बाय ६ फुटांचं तळं करून कमळ लावायचं, म्हणजे महालक्ष्म्यांना घरचं फूल वाहता येईल. गवंडी सिमेंटचा हौद बांधा म्हणतोय, सासऱ्यांना डासांची धास्ती आहे, आणि तुम्हाला खर्चापेक्षा पाण्याची काळजी आहे. ती काळजी रास्त आहे. मी परभणीत आधी शेततळ्यांना प्लास्टिकचा कागद अंथरायची कामं केली, नंतर परसातली तळी करायला लागलो. त्यामुळं माझा हिशोब पाण्यापासूनच सुरू होतो.

तळ्याचा बेत करताना माणूस डोळ्यांपुढं श्रावण आणतो. मी मे महिना आणतो. आपल्याकडं मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी रोज साधारण सेंटीमीटरभर खाली जाते, वारं सुटलं की त्याहून जास्त. १० बाय ६ म्हणजे ६० चौरस फूट, साडेपाच चौरस मीटर. त्याचा एक सेंटीमीटर म्हणजे ५५ लिटर. रोजचे साडेतीन-चार हंडे नुसते हवेत उडतात. महिन्याला साडेसोळाशे लिटर, पाच हजार लिटरच्या टँकरचा तिसरा हिस्सा, आणि हे तळं कुठंही गळत नसताना. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं लातूरकरांनी पाहिलंय, तुम्हाला मी वेगळं काय सांगणार? तसं वर्ष पुन्हा आलं तर शेजारी घागरी घेऊन रांगेत आणि तुमच्या परसात तळं भरलेलं, हे तुम्हालाच बघवणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. तळं ६ बाय ५ चं करा आणि कमळ त्यात लावूच नका. कमळाला शेजारी अडीच-तीन फूट रुंदीचा वेगळा टब द्या. ६ बाय ५ च्या तळ्याला रोजचे २८ लिटर लागतील, टबाला साडेचार ते साडेसहा. दोन्ही मिळून अडीच हंडे. एवढं पाणी वाईट उन्हाळ्यातही बहुतेक घरांतून निघतं. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी मात्र तळ्यात टाकू नका, झाडांना घाला. आरओचं वाया जाणारं पाणी तर अजिबात नको. त्यात क्षार आधीच दाटलेले असतात.

क्षारांवरून एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण बोअरवाल्या घरांत हीच मेख असते. पाणी उडतं, क्षार मागं राहतात. तुम्ही चार महिने बोअरचं पाणी वरून घालत राहिलात की मे अखेरीस तळ्यात जे उरतं ते मूळ बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड असतं. काठाला पांढरी रेघ येते, पानांच्या कडा करपतात. लोक म्हणतात रोग पडला. रोग नाही, मीठ साठलंय. त्याला उपाय पावसाचाच. गच्चीचं पाणी पाईपनं तळ्यात आणा आणि पहिले दोन-तीन मोठे पाऊस तळं भरून वाहू द्या. ५०० चौरस फूट गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-सांडती धरूनही हजार लिटर येतात. तुमचं तळं उताराच्या बाजू धरून बाराशे लिटरचं होईल. म्हणजे एका दणकून झालेल्या पावसात ते जवळपास भरतं. मृगाची पहिली सर तेवढी आत घेऊ नका. गच्चीवरची वर्षाची धूळ आणि पारव्यांची घाण तीत असते.

आता गवंड्याच्या हौदाबद्दल. गवंडी वाईट सांगत नाही, पण त्याचा हौद मुरमाच्या जमिनीत टिकतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, इतकी की मे महिन्यात भेगेत मनगट जातं. हौदाला ती वर्षभर दाबते आणि सोडते, दाबते आणि सोडते. माझं पहिलं तळं मी सिमेंटचंच केलं होतं. दोन पावसाळे ठणठणीत राहिलं. तिसऱ्या उन्हाळ्यात रोज दोन बोटं पाणी कमी व्हायला लागलं. मालक म्हणायचे ऊनच तसं आहे, मीही मान डोलवत होतो. शेवटी बादलीची परीक्षा केली, जी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. बादली पाण्यानं भरून तळ्याच्या पायरीवर, पाण्यातच ठेवायची. बादलीतल्या आणि तळ्यातल्या पाण्याला खुणा करायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघायचं. दोन्हीकडं सारखं उतरलं तर ऊन, तळ्यात जास्त उतरलं तर गळती. बादलीत सेंटीमीटर उतरलं होतं, तळ्यात चार. कोपऱ्यात केसाएवढी चीर निघाली. ती तीनदा बुजवली आणि तीनदा शेजारून फुटली. तेव्हापासून काळ्या जमिनीत मी सिमेंट वापरत नाही.

तुमच्यासाठी शेततळ्याचा कागदच बरा, ५०० मायक्रॉन जाडीचा. मापाचं गणित असं: लांबी, अधिक खोलीच्या दुप्पट, अधिक दोन्ही काठांवर दीड-दीड फूट. ६ बाय ५ आणि २ फूट खोल तळ्याला १३ बाय १२ फुटांचा तुकडा लागतो. एवढ्यासाठी नवा रोल फोडायला कुणी तयार होत नाही. जवळपास शेततळ्याचं काम चालू असेल तिथं अस्तरवाल्याला गाठा, उरलेला तुकडा त्याच्याकडं हमखास असतो. एकच सलग तुकडा घ्या, जोड नको. उजेडाकडं धरून सुईएवढी भोकं तपासा. हा कागद ताठ असतो, कोपऱ्यात नीट बसत नाही, म्हणून तळ्याचा आकार बशीसारखा ठेवा. किडनीचा, पानाचा, हृदयाचा आकार पुस्तकात शोभतो. इथं त्याच्या सुरकुत्यांत गाळ आणि डासांची अंडी बसतात.

खड्डा तळ्यापेक्षा फूटभर जास्त खोल आणि रुंद घ्या. निघालेली काळी माती एका बाजूला सांभाळून ठेवा, ती पुढं सोन्यासारखी कामाला येणार आहे. त्या वाढीव फूटभरात मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करा. वर दोन इंच बारीक वाळू, वाळूवर जुन्या चादरी किंवा पोती, मग कागद. बाजू उभ्या ठेवू नका, उतरत्या ठेवा. उभी भिंत काळ्या मातीत ढासळतेच. मुरूम घालण्याचा दुसरा फायदा उंदरा-घुशींचा. घूस मऊ मातीतून येऊन कागद कुरतडते, ठोकलेल्या मुरमात ती सहसा शिरत नाही.

काठ पाणसळीत हवा. गवंड्याची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा आणि चारही बाजूंना खुणा करून काठ सारखा करा. डोळ्याला सपाट दिसणारं परस दोन-तीन इंचांनी खोटं असतंच, आणि पाणी ते लपवत नाही. एका बाजूला कागद उघडा पडतो आणि दुसरीकडून पाणी सांडतं. सांडायची जागा आपणच ठरवायची: एका बाजूला काठ दोन इंच खाली ठेवून तिथून चर काढायचा आणि तो केळीकडं किंवा शोषखड्ड्याकडं न्यायचा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस कोसळला, त्यात सखल जागी केलेली तळी मी फुग्यासारखी वर आलेली पाहिली. काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, ते कागदाखाली शिरतं आणि कागद पोट वर काढतो. म्हणून परसातल्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात तळं करू नका. पाणी आपोआप तिकडं जातं म्हणून तीच जागा सोयीची वाटते, आणि तीच चुकीची.

जागेबद्दल बाकी थोडंच. सकाळचं ऊन पुरेपूर, दुपारी तीननंतर भिंतीची सावली आली तर उत्तम. कडुलिंब, चिंच, शेवगा यांच्या खाली नको. फाल्गुनात लिंबाची पानगळ सुरू झाली की रोज जाळी घेऊन बसावं लागतं. सेप्टिक टँकपासून लांब. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असं, कारण दिसत नाही त्या तळ्याकडं कुणी लक्ष देत नाही.

खोली दोन फुटांपेक्षा कमी करू नका. एक फूट पाणी आपल्या उन्हात दुपारी कढत होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. घरात रांगतं-धावतं पोर असेल तर मात्र दोन फूटही फार आहे. पाण्याच्या जरा वर भक्कम लोखंडी जाळी बसवून घ्या. झाडं तिच्यातून वर येतात. पोर मोठं झालं की काढता येते.

काठाची रचना करताना मला नेहमी आपल्या बारवा, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरी, आठवतात. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याची पुष्करणी बघा, वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव बघा. करणाऱ्यानं गृहीतच धरलंय की पाणी उतरणार. पाणी वर असलं तरी ती देखणी, तळाला गेलं तरी पायऱ्या उघड्या पडून देखणी. आपल्या छोट्या तळ्यातही हेच करायचं. आत सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या ठेवा आणि कागदावर चपटे दगड रचा. मे महिन्यात पातळी उतरली तर काळं प्लास्टिक दिसणार नाही, दगड दिसतील. दगडांनी कागदाचं उन्हापासूनही रक्षण होतं. फरशीच्या कारखान्यातले तुकडे चालतील, फक्त धारदार कडा खाली नकोत.

आता झाडं. तळ्यात कुमुदिनी लावा, आपल्याकडं नर्सरीवाले तिलाही बिनदिक्कत कमळ म्हणून विकतात. ओळख सोपी आहे. कुमुदिनीच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि पान पाण्यावर पडून राहतं. कमळाचं पान अखंड गोल असतं, छत्रीसारखं पाण्याच्या वर उभं राहतं आणि त्यावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा पळतो. मी स्वतः एका नर्सरीतून दहा कमळं म्हणून आणली होती, दहाही कुमुदिनी निघाल्या. ६ बाय ५ ला कुमुदिनीची दोनच रोपं पुरेत, तिसरं घेण्याचा मोह आवरा. पानांनी निम्म्याहून थोडं जास्त पाणी झाकलं की शेवाळाला ऊन मिळत नाही. पाण्याखाली हायड्रिलाच्या चार जुड्या, काठाच्या पायरीवर वेखंड, ब्राह्मी आणि एखादी कर्दळ. पाणकणीस नको, त्याची टोकदार मुळं कागदाला भोक पाडतात. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. फूल सुंदर असतं, पण नद्यांचं तिनं काय केलंय ते आपण बघतोच.

भरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी पालकाच्या सारासारखं हिरवं होईल. इथं निम्मी माणसं घाबरून तळं रिकामं करतात, पुन्हा भरतात, ते पुन्हा हिरवं होतं आणि टँकरचे पैसे वाया जातात. पाणी बदलू नका. पानं पसरली की महिना-दीड महिन्यात ते आपोआप निवळतं. नळाचं पाणी घालायचं असेल तर पिंपात एक दिवस उघडं ठेवून मग घाला, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

सासऱ्यांना सांगा, डासांचं भय तळ्याचं नाही, कूलरचं आहे. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो आणि त्याला कुंडीखालची ताटली, टायर, कूलरची टाकी अशी साठलेली जागा आवडते. तळ्यात वीस गप्पी मासे सोडले की अळी शिल्लक राहत नाही. गप्पी विकत घ्यायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, तिथं पैदास टाकी असली तर बरणीभर देतात. त्यांना वेगळं खायला घालू नका, पोट भरलेला मासा अळ्या खात नाही. कमळाच्या टबातही चार-पाच सोडा, टब विसरतात लोक. आणि जास्त झाले म्हणून नदी-ओढ्यात नेऊन टाकू नका, स्थानिक माशांची पिल्लं ते खातात. कोई माशांचं खूळ डोक्यात असेल तर काढून टाका. त्यांना खोल पाणी आणि फिल्टर लागतो आणि ते रोपं उपटतात.

कारंजं हवंच असेल तर कूलरचा पंप पुरतो. तो पाण्याबाहेर कोरडा चालला की जळतो, आणि कुमुदिनीला पानांवर सतत पडणारं पाणी सोसत नाही, म्हणून तो एका कोपऱ्यात आणि संध्याकाळी तासभरच. पण ओल्या हातांची जागा आहे, त्यामुळं त्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाईन तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय पंप लावू नका.

तळं झालं की बेडूक येतील, आणि बेडकांमागं एखादा दिवड साप. पाण्यात मान वर काढून पोहणारा, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके असतात. चिडका असतो, चावतोही, पण बिनविषारी. तरीही ओळख पटल्याशिवाय जवळ जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा. तळ्याभोवती दोन-तीन फूट जागा मोकळी आणि झाडलेली ठेवा. दगडांच्या फटी सिमेंटनं भरून घ्या, मग तो राहायला येत नाही, जेवून जातो. खंड्या मात्र रोज येईल आणि तुमचे मासे नेईल. त्याला मी काही उपाय करत नाही.

घरातल्यांना एक गोष्ट आधीच समजावून ठेवा: तळ्यात निर्माल्य टाकायचं नाही. माझ्या एका कामात आजी रोज देवाची फुलं भक्तिभावानं तळ्यात सोडायच्या. दोन महिन्यांत पाण्याला वास आला. शेवटी शेजारी निर्माल्याचा खड्डा करून दिला, तो त्यांना जास्त आवडला.

कामाचा क्रम असा लावा. कमळाचा टब महाशिवरात्रीनंतर भरा, तळ्याची खोदाई आणि कागद मे महिन्यात, तळं मात्र पावसानं भरू द्या. म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात तुमच्यावर फक्त टबाच्या पाण्याचा भार. पुढं कधी दुष्काळ पडलाच तर कुमुदिनीच्या कुंड्या आणि मासे उचलून टबात आणायचे आणि तळं कोरडं राहू द्यायचं. त्यासाठीच सगळी रोपं कुंडीत लावायची, तळाच्या मातीत नाही.

टब गोल हवा आणि बुडाला भोक नको. चौकोनी टबात कमळाचा कांदा कोपऱ्यात जाऊन अडकतो आणि कुजतो. पातळ काळा प्लास्टिकचा टब उन्हात तापतो, त्याला निम्मा जमिनीत पुरा किंवा भोवती पोतं गुंडाळा. सिमेंटची रिंग वापरली तर तिला खालून पक्कं बूड करून घ्या आणि भरून आठवडाभर ठेवा, ओता, पुन्हा भरा, असं तीनदा करा. नव्या सिमेंटचा चुना माशांना आणि मुळांना जाळतो.

आता ती बाजूला ठेवलेली काळी माती. ज्या मातीनं माझा हौद फोडला तीच कमळाला सगळ्यात प्रिय. तळाला दोन मुठी वर्षभर कुजलेलं शेणखत, ताजं शेण बिलकूल नाही. त्यावर सात-आठ इंच काळी माती, ढेकळं फोडून, पाणी घालून कणकेसारखी मळलेली. कांदा म्हणजे दोन-तीन पेरांचा, केळ्याएवढा पांढरट तुकडा. त्याच्या टोकाला मोगऱ्याच्या कळीसारखा अणकुचीदार डोळा असतो. तो डोळा मोडला की त्या पेरातून काही उगवत नाही, म्हणून कांदा पोस्टानं मागवू नका, हातात घेऊन बघून आणा. टबाच्या कडेला मातीत आडवा चर करा, कांदा निजवा, डोळा मातीच्या वर राहील असा. माती ओढून वर एक चपटा दगड ठेवा, नाहीतर तो तरंगून वर येतो. सुरुवातीला पाणी फक्त तीन बोटं. आधी रुपयाएवढी पानं येऊन पाण्यावर पडतील, त्यांना खत घालायचं नाही. पहिलं उभं पान आलं की पाणी सहा इंच करा आणि रद्दी कागदात बांधलेली शेणखताची पुडी मातीत खुपसा. दिवसाला सहा तास ऊन मिळालं तर जून-जुलैत कळ्या धरतात. बियांपासून करायला गेलात तर पहिल्या वर्षी फुलाची आशा धरू नका.

मार्गशीर्ष-पौषात कमळ वाळतं. पानं तपकिरी होऊन मोडतात, टबात नुसता चिखल दिसतो. मेलं म्हणून फेकून देणारे दरवर्षी भेटतात. चिखल ओला ठेवा, बस. फाल्गुनात हात घालून बघा, एका कांद्याचे पाच-सहा झालेले असतील. दोन ठेवा, बाकीचे वाटा.

आणि महालक्ष्म्यांसाठी: कळी तोडू नका. कमळाची तोडलेली कळी सहसा घरात उमलत नाही, पाकळ्या बोटांनी उलगडाव्या लागतात. फूल तीन-चार दिवस टिकतं, रोज सकाळी उघडतं आणि दुपारी मिटतं. आदल्या दिवशी पहिल्यांदा उमललेलं फूल हेरून ठेवा आणि पूजनाच्या सकाळी सातच्या आत, पुन्हा उघडत असताना, देठ पाण्याच्या वर कापा. पाण्याखाली कापलात तर पोकळ देठातून पाणी शिरून खालचा कांदा कुजू शकतो.